एकवीस रात्रींचा पुरावा

शहराचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथले लोक म्हणतील, आमच्याकडे असलं काही घडलंच नाही. आणि बाकीच्या शहरांतले म्हणतील, तिथलेच लोक तसले. कुणालाच मोकळं सोडायचं नाही, म्हणून नाव नाही. शहराच्या पोटातून महामार्ग जातो, त्यावर उड्डाणपूल आहे, पुलाच्या खांबांना नंबर आहेत आणि त्या नंबरांवर माणसं राहतात, एवढं कळलं तरी पुरे. साल दोन हजार एकोणचाळीस.

पुलापासून हाकेच्या अंतरावर महापालिकेची शाळा. तिथं हर्षदा गव्हाणे चौथीला शिकवायची. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी तिच्या हातून एक पाप घडलं होतं. पाप हा तिचाच शब्द. वरून फॉर्म आला होता, बेघर विद्यार्थ्यांची संख्या कळवा, आजच्या आज. आपल्याकडे सगळंच आजच्या आज लागतं. तिनं वर्गात उभं राहून विचारलं, "ज्यांना घर नाही त्यांनी हात वर करा." दोन मुलींनी एकमेकींकडे बघत हात वर केले. वर्ग फिदीफिदी हसला. फॉर्म भरून गेला, संख्या दोन. दुसऱ्या दिवसापासून त्या दोघी शाळेत आल्या नाहीत, आणि त्या कुठं गेल्या हे विचारणारा फॉर्म काही कधी आला नाही.

त्यानंतर हर्षदा न विचारता ओळखायला शिकली. पहिल्या तासाला कुणाचा डोळा लागतो, कुणाच्या दप्तरात पांघरूण असतं, शनिवारी कोण खिचडीचा डबा दाबून भरून नेतं, शाळेच्या नळावर दात कोण घासतं. अठरा वर्षांत तिची नजर अशी तयार झाली होती की जून संपायच्या आत तिला कळायचं, वर्गातलं कोण कुठं झोपतं.

म्हणूनच दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेच्या दारात 'छत्र' नावाचं यंत्र बसवलं गेलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद तिलाच झाला.

यंत्र आणणारा माणूसही तिचाच. प्रशांत हिवराळे तिच्याबरोबर डी.एड.ला होता. एका डब्यातली पोळी-भाजी दोघांनी दोन वर्षं खाल्लेली. पुढं तो परीक्षा देत देत वर चढला आणि महापालिकेच्या शिक्षण विभागात या योजनेचा समन्वयक झाला. चारचौघांत ती त्याला सर म्हणायची, एरवी अरे प्रशांत.

"आता कुणी हात वर करायला नको, हर्षदा," तो म्हणाला होता. त्याला त्या दोन मुलींची गोष्ट माहीत होती. "कुणी विचारायला नको, कुणी हसायला नको."

आणि यंत्र हुशारीचं होतं, हे कबूल करायलाच हवं. गाड्या विजेवर आल्या, धूर गेला, आपण टाळ्या वाजवल्या. पण बॅटरीमुळे गाड्या जड झाल्या आणि जड गाडीचे टायर जास्त झिजतात. झिजलेलं रबर जातं कुठं? हवेत. रबराला भेगा पडू नयेत म्हणून त्यात एक रसायन घातलेलं असतं. हवेतल्या ओझोनशी त्याची गाठ पडली की त्याचं दुसरंच काहीतरी बनतं, आणि रस्त्याकडेला झोपलेल्या माणसाच्या छातीत ते रात्रभर साचत राहतं. सकाळी त्याच्या श्वासात त्याचा माग सापडतो. दुसरी खूण शरीराच्या घड्याळाची. अंधार पडला की शरीरात झोपेचं रसायन चढतं, उजाडलं की उतरतं, आणि त्याप्रमाणे श्वासातले काही रेणू बदलत जातात. ज्या मुलाच्या डोळ्यांवर रात्रभर रस्त्याचा दिवा असतो, त्याचा हा चढउतार सपाट होऊन जातो.

यंत्र म्हणजे शाळेच्या दारातला एक खांब आणि त्याला एक जाळी. मुलानं जाळीसमोर उभं राहून 'हजर' म्हणायचं. हजेरी लागते, श्वासही मिळतो. एकवीस दिवसांची सरासरी काढून यंत्र शंभरपैकी गुण देतं. सत्तरच्या वर गेलं की मूल बेघर. त्या मुलाला मोफत बस, सकाळचा नाश्ता, आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे शाळेमागे नव्यानं बांधलेल्या 'आई-मूल निवासा'त एक खोली. आतून कडी लागणारी खोली. अशा चौदा खोल्या होत्या, त्या गुणांच्या क्रमानं मिळणार होत्या आणि त्यांचं वाटप सव्वीस जानेवारीला होणार होतं.

पत्रकाच्या तिसऱ्या पानावर मात्र एक ओळ होती. 'यंत्राने ओळखलेले बालकच पात्र राहील. यंत्रास फसविता येत नाही. शिक्षकाचे वैयक्तिक निरीक्षण ग्राह्य धरू नये.' हर्षदानं ती वाचली आणि पान उलटलं. तिथंच चुकलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात यादी लागली. बावीस नावं होती. त्यात रेहान मुश्ताक शेख, गुण अठ्ठ्याऐंशी. आणि स्वरा डोईफोडे यादीतच नाही. हर्षदानं आत जाऊन गुण पाहिले तर सहा.

सहा म्हणजे किती कमी? मुख्याध्यापकांनी गंमत म्हणून एकवीस दिवस जाळीवर श्वास सोडला होता, त्यांचे एकोणीस आले होते.

स्वराबद्दल हर्षदाला दिवाळीआधीच कळलं होतं. तिनं निबंध दिला होता, 'माझे घर'. स्वरानं लिहिलं होतं: 'माझ्या घरात एकशे साठ खुर्च्या आहेत. सगळ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. रात्री दहाला दिवे आपोआप बारीक होतात. घरात कुणीतरी कायम रडत असतं. माझ्या घरात लिफ्ट आहे पण आम्ही ती वापरत नाही. माझे घर मला आवडते कारण तिथे डास नाहीत.'

हर्षदानं तो निबंध चार वेळा वाचला आणि मधल्या सुट्टीत पोरीला जवळ घेऊन बसली. महामार्गावरच्या मोठ्या खासगी दवाखान्याचं ते थांबायचं दालन. स्वराची आई काजल तिथं रात्रपाळीला सफाईला होती. नवरा दोन वर्षांपूर्वी वारला, रस्ता रुंद करताना खोली पाडली. तेव्हापासून आई मजले पुसायची आणि लेक पेशंटच्या नातेवाइकांत मिसळून खुर्च्यांवर झोपायची. कुणी विचारलं तर सांगायची, आजोबा अॅडमिट आहेत. दवाखान्यातली हवा गाळून घेतलेली, दिवे वेळेवर मंद होणारे. पोरीचा श्वास बंगल्यातल्या पोरांपेक्षा स्वच्छ, आणि शरीराचं घड्याळ ठोके पडावेत तसं नेमकं.

यादी लागली त्याच दिवशी काजल शाळेत आली. काडीसारखी बाई, हातांना फिनेलचा वास.

"मॅडम, पंधरा तारखेपासून दवाखान्यात तोंड दाखवून आत सोडणार म्हणं. पेशंटच्या नावावर एकच माणूस. लेकरू आत येत नाही आता."

"मग?"

"मग काय. मावसभाऊ वीटभट्टीवर हाय, तिकडं जायचं. तिथं शाळा नाही. खोली मिळाली तर राहते मी हितंच. लेकरू हुशार हाय ना, मॅडम? का माझ्या तोंडावर म्हणता?"

"हुशार आहे," हर्षदा म्हणाली. "खोली मिळेल तुम्हाला. मी बघते."

तिनं प्रशांतला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, हळहळलाही.

"पण सहा गुण आहेत गं. सहाला मी काय करू?"

"अरे, मी सांगते ना! पोरगी खुर्चीवर झोपते. डोळ्यांनी बघून आले मी, काल सकाळी गेले होते."

"तुझे डोळे ग्राह्य नाहीत. चिडू नकोस. एका शाळेत तुझे डोळे धरले तर बेचाळीस शाळांत धरावे लागतील, आणि प्रत्येक शाळेत एक नगरसेवकाचा भाचा बेघर निघेल. म्हणून तर यंत्र आणलं."

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, हीच तर चीड आणणारी गोष्ट. हर्षदानं फोन ठेवला तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

दुसऱ्या दिवशी मुश्ताकभाई शाळेत येऊन धडकले. पुलाखालच्या वळणावर त्यांचं टायर रिमोल्डिंगचं दुकान, वर तीन मजली घर. हातात पत्र नाचवत ते वर्गाच्या दारात उभे राहिले.

"मॅडम, हे काय लावलंय? माझा रेहान बेघर? खोली मंजूर झाली म्हणतात! तीन मजले आहेत माझे, नळपट्टी, घरपट्टी एक दिवस थकलेली नाही! मोहल्ल्यात तोंड काळं झालं माझं!"

हर्षदाला हसू आलं आणि ते तिनं दाबलं. टायर खरवडायच्या मशीनवरची खोली, रात्री उशिरापर्यंत वेल्डिंगचा झगझगाट. रेहानचा श्वास म्हणजे यंत्राच्या हिशेबी खांब नंबर अडतीसच. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी म्हणतात ते असं.

"तुम्हाला नको ना खोली? मग लिहून द्या, स्वरा डोईफोडेला द्या म्हणून."

"देतो की! आत्ता देतो!"

ते ऑफिसात जाऊन लिहून आले आणि तासाभरात परत आले, पहिल्यापेक्षा जास्त भडकलेले. खोली दुसऱ्याला देता येत नाही म्हणे. त्यांच्या कागदावर शेरा मारला होता, 'लाभार्थ्याने लाभ नाकारला'. यंत्र चुकलं, असं कुठंच लिहिलेलं नव्हतं.

मुश्ताकभाईंनी वर्गातल्या बाकावर बसून पाणी प्यायलं. मग कपाळ पुसत म्हणाले, "असं करा, मॅडम. त्या पोरीला एकवीस दिवस आमच्या माडीवर झोपवा. पक्की बेघर होऊन निघेल."

बोलायला बोलून गेले आणि कपाळावरचा हात तिथंच राहिला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

अशी ती युक्ती निघाली. पोरीला घर नाही हे सिद्ध करायला तिला आधी घर द्यायचं! शहाण्या माणसाला सांगितलं तर तो तोंडात बोट घालेल, पण नियमात बसत होतं, आणि नियमात बसणाऱ्या गोष्टीला आपण वेडेपणा म्हणत नाही.

मुश्ताकभाईंची बायको शकीलाभाभी आढेवेढे न घेता तयार झाली. एकच अडचण तिनं आधी सांगून टाकली, संक्रांतीनंतर लेक बाळंतपणाला येणार होती आणि ती माडी तिच्यासाठी राखलेली होती. "तोवर रहा, हक्कानं रहा," ती काजलला म्हणाली. पंधरा डिसेंबरला मायलेकी माडीवर राहायला गेल्या. काजल रात्रभर कामावर असायची, पोरगी रेहानच्या बहिणीजवळ गादीवर झोपायची.

गुण चढायला लागले. आठवड्यात बावीस, मग एक्केचाळीस. हर्षदा रोज सकाळी दारात उभी राहून आकडा बघायची. स्वरा तर हरखून गेली होती. गादी, उशी, सकाळी भाभीच्या हातची गरम रोटी. वर्गात ती पहिल्यांदाच शेवटच्या तासापर्यंत जागी राहायला लागली.

आणि तिला खोकला सुरू झाला.

कोरडा, खरखरीत खोकला, रेहानला असतो तसाच. चौदाव्या दिवशी प्रार्थनेत ती इतकी खोकली की शेजारच्या मुली बाजूला सरकल्या. यंत्रावर आकडा आला अठ्ठावन्न. हर्षदाच्या मनात पहिला विचार आला, बरं झालं, वाढतायत. विचार आला आणि तिला स्वतःची शिसारी आली. पोरीच्या छातीत रबर साचतंय आणि मास्तरीण मोजत उभी आहे! तिनं घरून काढा करून आणला, भाभीला खिडक्या लावून घ्यायला सांगितलं, आणि संध्याकाळी परत फोन करून म्हणाली, "एक खिडकी उघडी राहू द्या, भाभी." हे ती पुढं कुणालाच सांगू शकली नाही.

सहा जानेवारीला दुसरी यादी लागली. स्वरा डोईफोडे, गुण चौऱ्याऐंशी. खोली क्रमांक बारा.

काजल शाळेच्या व्हरांड्यात हर्षदाच्या पायाच पडायला लागली. "अहो, काय करता!" म्हणत हर्षदानं तिला उठवलं, आणि दोघी रडल्या. स्वरा मागच्या मैदानात जाऊन नव्या इमारतीकडे बघत बारा नंबरची खिडकी कोणती ते मोजत उभी राहिली.

पण मुश्ताकभाईंचं ते पत्र प्रशांतच्या मनात सलत होतं. तीन मजली घराला खोली मंजूर झाल्याचं वर्तमानपत्रात आलं असतं तर त्याची धडगत नव्हती. म्हणून त्यानं नवा हुकूम काढला, चावी देण्याआधी स्थळपाहणी करायची. आणि माणूस कामाचा पक्का. पहिल्या पाहणीला तो स्वतः गेला, तीही त्या पत्रावरच्याच पत्त्यावर. सकाळी सातला दुकानापाशी गाडी थांबवून त्यानं वर बघितलं, तर स्वरा माडीच्या गॅलरीत उभी राहून दात घासत होती. त्यानं फोटो काढला.

"तू इथं राहतेस का, बाळ?"

"हो सर!" पोरीनं ब्रश तोंडात ठेवूनच सांगितलं. "ही गादी आमची. हा पंखा पण आमचा." खोटं बोलायची तिला सवय नव्हती, आजोबांचं सोडून.

त्याच दुपारी हर्षदाला ऑफिसात बोलावलं. प्रशांतनं केबिनचं दार लावून घेतलं.

"तू मला तोंडघशी पाडलंस, हर्षदा. घर आहे तिला. मी स्वतः बघून आलो. माडी, गादी, पंखा."

"यंत्र काय म्हणतं?"

"यंत्राला फसवलंस तू!"

"यंत्रास फसविता येत नाही. तुझंच पत्रक, पान तीन."

"शब्दांत पकडू नकोस. मुश्ताक शेखवर केस होऊ शकते. खोटा लाभ मिळवून द्यायला मदत केली म्हणून. तुझी नोकरी जाऊ शकते. ती बाई तर—"

"ती बाई काय? काय करशील तिला? घराबाहेर काढशील?"

प्रशांत खुर्चीत मागं रेलला. हर्षदाचा आवाज चढला तो मग खाली आलाच नाही.

"डोळ्यांनी बघितलेलं चालतं का, प्रशांत? आधी तेवढं सांग. मी डोळ्यांनी बघितलं, पोरगी खुर्चीवर झोपते, तर म्हणालास ग्राह्य नाही. तू डोळ्यांनी बघितलंस, पोरगी गादीवर झोपते, तर ते लगेच ग्राह्य? तुझे डोळे सरकारी आणि माझे काय गारगोट्या? एक काहीतरी लिहून दे. यंत्र खरं असेल तर पोरगी बेघर आहे, खोली दे. तुझे डोळे खरे असतील तर यंत्र खोटं आहे, मग सगळ्या शाळांच्या याद्या फाड आणि आम्हाला विचार. वर्गावर उभ्या असलेल्या बायकांना विचार! कोण कुठं झोपतं हे आम्हाला तोंडपाठ आहे. विचारायचंच नाही म्हणून इतकं मोठं यंत्र आणलंत!"

बाहेर टंकलेखनाचा आवाज थांबला होता. प्रशांतनं पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला.

"दोन दिवस दे," तो म्हणाला. "काढतो मार्ग."

हर्षदा घरी आली ती जिंकल्यासारखी. नवऱ्याला म्हणाली, कोंडीत पकडलं आज त्याला. भोळी बाई! वीस वर्षं महापालिकेत काढूनही तिला वाटत होतं की दोनच वाटा असतात.

तिसऱ्या दिवशी पत्र आलं. 'विद्यार्थिनी स्वरा डोईफोडे ही यंत्राच्या अहवालानुसार बेघर होती. स्थळपाहणीनुसार तिला आता निवारा उपलब्ध आहे. सबब सदर विद्यार्थिनी योजनेची प्रथम पुनर्वसित लाभार्थी म्हणून नोंदविण्यात येत आहे. खोली क्रमांक बारा प्रतीक्षा यादीतील पुढील बालकास देण्यात यावी.'

हर्षदानं ते उभ्यानंच वाचलं. मग व्हरांड्यात येऊन फोन लावला.

"पुनर्वसित? कुठं पुनर्वसित, प्रशांत?"

"मुश्ताकभाईंकडे. समाजाच्या सहभागातून निवारा." तो खरंच सुटकेच्या आवाजात बोलत होता. "हे बघ, तुझ्यावर कारवाई नाही, त्यांच्यावर केस नाही. यंत्र खरं, पाहणीही खरी. सगळ्यांचं निभावलं."

"सगळ्यांचं?"

तो म्हणाला, "खोल्या चौदाच आहेत, हर्षदा. बारा नंबरमध्ये दुसरं एखादं लेकरूच जाईल ना? ते काय माणूस नाही?"

चौदा खोल्या बांधून शहरभरातल्या चारशे बेघर पोरांत त्यांना भांडायला लावायचं, आणि वर एकाला दुसऱ्याचं नाव घेऊन गप्प करायचं! तिनं फोन कापला. डी.एड.पासूनची ती मैत्री तिथंच संपली.

मुश्ताकभाई म्हणाले, राहू द्या, लेक आली तरी आम्ही दाटीवाटीनं राहू. शकीलाभाभीही म्हणाली. पण पाहणीनंतर दोनदा कुणीतरी दुकानात येऊन परवाना, मीटर, मजल्यांची परवानगी असं काहीबाही विचारून गेलं होतं. काजलनं ते ऐकलं होतं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तिनं माडी झाडली, गादी घडी घालून ठेवली, आणि स्वतःच्या दोन पिशव्या उचलल्या. "ज्यांनी छातीशी धरलं त्यांच्या गळ्याला फास नको," म्हणाली. दहा दिवस मायलेकी खांब नंबर एक्केचाळीसपाशी राहिल्या. स्वरा शाळेत येऊन जाळीसमोर 'हजर' म्हणायची, पण यंत्र आता तिचे गुण मोजत नव्हतं. पुनर्वसित मुलांचे गुण मोजायचे नसतात. हर्षदानं तिला आपल्या घरी आणायचा विषय काढला तर काजल म्हणाली, "मला कुटं ठेवताल? तिला एकटीला नाही सोडत मी." हर्षदाच्या दोन खोल्यांत सासू-सासरे, नवरा, दोन पोरं. तिनं विषय तिथंच सोडला, आणि ती गोष्टही तिच्या मनातून अजून गेलेली नाही.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं आणि खोल्यांच्या वाटपाचा समारंभ सुरू झाला. शाळेच्या भिंतीवर पंधरा फुटांचा फ्लेक्स लावला होता. वर लाल अक्षरांत 'निवाराहीनमुक्त शाळा', खाली स्वराचा हसरा फोटो, आणि तिच्या तोंडी वाक्य, 'मला घर मिळालं!' माडीच्या गॅलरीतला तोच फोटो. दात घासायचा ब्रश तेवढा कापून टाकला होता.

पाहुणे खुर्च्यांवर बसले होते, प्रशांत माईकवर होता. सातवीच्या मुली तबकात फुलं आणि फीत कापायची कात्री घेऊन उभ्या होत्या. हर्षदाचं लक्ष फाटकाकडे गेलं. बाहेर एक टेम्पो उभा होता. काजल आत आली, मागं स्वरा, पाठीला दप्तर.

"निघतो मॅडम. भट्टीचा टेम्पो हाय, थांबत नाही म्हणतोय तो." मग तिनं भिंतीकडे बोट केलं. चेहऱ्यावर राग नव्हता, रडू नव्हतं, बाजारात भाव विचारावा तसा आवाज. "ते फ्लेक्स कार्यक्रम झाल्यावर काय करता? फेकत असलात तर मला द्या ना. भट्टीवर नुसत्या विटा रचून खोपी करत्यात, वर घालायला काही नसतं. थंडी लई हाय."

हर्षदा चालत मंचापाशी गेली, मुलीच्या तबकातली कात्री उचलली, आणि भिंतीला लावलेली शिडी चढायला लागली.

"गव्हाणे मॅडम!" प्रशांतचा आवाज माईकवरून सगळ्या मैदानात घुमला. "मॅडम, काय करताय? खाली उतरा!"

"लाभार्थ्याला लाभ देतेय, सर!" ती वरूनच ओरडली. "तुम्ही बोला, तुमचं चालू द्या!"

एका कोपऱ्याची दोरी तुटली. फ्लेक्स लोंबकळला आणि 'मुक्त शाळा' ही अक्षरं दुमडून खाली आली. पाहुणे उठून उभे राहिले. कुणीतरी शिपायाला हाक मारली. मैदानाच्या कडेला उभे असलेले मुश्ताकभाई धावत आले, शिडी धरून म्हणाले, "दुसरी बाजू मी कापतो, मॅडम, तुम्ही उतरा." पण ती उतरली नाही. चारही दोऱ्या तिनं स्वतः कापल्या. कात्री फितीसाठी आणलेली, बोथट. तिच्या अंगठ्याला फोड आला.

फ्लेक्स मातीवर पसरला. प्रशांत माईक सोडून जवळ येऊन उभा राहिला होता. निलंबनाचा कागद दुसऱ्या दिवशी त्यानंच सही करून पाठवला. काजलनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिनं एक टोक धरलं, लेकीला दुसरं धरायला सांगितलं.

"आई," घडी घालता घालता स्वरानं विचारलं, "माझं तोंड वर ठेवायचं का आत?"

"आत घे," काजल म्हणाली. "वर ठेवलं तर उन्हानं उडून जातंय."

बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला, आणि दोघी घडी उचलून फाटकाकडे निघाल्या.